पालथा हात

देवराव पाईकराव सरांची निम्मी नोकरी मुलांना शिकवण्यात गेली आणि उरलेली निम्मी फोटो काढण्यात. झाड लावलं की फोटो, मुलांनी हात धुतले की फोटो, खिचडी शिजली की फोटो, खिचडी खाल्ली की पुन्हा फोटो. सुरुवातीला सर चिडायचे. केंद्राच्या मीटिंगमध्ये उभे राहून विचारायचे, की साहेब, शिकवायचं केव्हा? मग लोक हसायचे, साहेबही हसायचे आणि सर खाली बसायचे. पुढे त्यांनी विचारणंच सोडून दिलं. गुडघे कुरकुरायला लागले तोवर त्यांची स्वतःची कुरकुर संपली होती.

फुलसावंगीहून मोटारसायकलवर तासाच्या आत पोहोचता येईल अशा एका लहानशा गावात त्यांची शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक एकच, म्हणजे तेच. पोरांची संख्या दरवर्षी घटत चाललेली, त्यामुळे दोन खोल्यांपैकी एकीत सगळे वर्ग मावायचे आणि दुसरी रिकामी पडून असायची. दोन्हींच्या मध्ये लोखंडी पत्र्याचं दार. बाजूला पत्र्याच्या छपरीत बेबीताई खिचडी रांधायच्या. पटांगणात एक कडुलिंब. एवढाच संसार.

या सरांना एकेकाळी एका गोष्टीचं वेड लागलं होतं, हे आता कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. आपत्ती व्यवस्थापनाचं वेड. त्सुनामी येऊन गेली त्यानंतरच्या वर्षांत पुसदला एक प्रशिक्षण झालं. तिथं भिंतीवर पडदा लावून जगभरातल्या शाळा दाखवल्या. जपानची पोरं डोक्याला गादीसारखी टोपी घालून बाकाखाली शिरत होती. बांगलादेशातल्या पोरी पुराच्या पाण्यातून होडीत बसून शाळेला जात होत्या आणि वाटेत दोर कसा फेकायचा ते शिकत होत्या. कुठल्याशा बेटावरची पोरं डोंगराकडे रांगेनं पळत होती, आणि सर्वांत मागची पोरगी मागं वळून सगळे आले का ते बघत होती. बाकीचे मास्तर जेवणात बालुशाही आहे की नाही याची चौकशी करत होते. देवराव मात्र त्या पोरीकडे बघत बसले. परतताना एसटीत त्यांना राहून राहून वाटत होतं, की हे आपल्या पोरांनाही आलं पाहिजे.

आता अडचण अशी, की पुस्तकात सगळा भूकंप. भूकंप आला की बाकाखाली शिरा. देवरावांच्या शाळेत बाक नव्हते, पोरं सतरंजीवर बसायची. सतरंजीखाली शिरून काय होणार? समुद्र तर इथून इतका लांब, की गावातल्यांनी तो सिनेमातच पाहिलेला. तेव्हा सरांनी स्वतःचे धडे काढले. वीज कडाडताना वावरातल्या एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. नाल्याला पूर आला तर गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यातही पाय घालायचा नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरायचा नाही, बापानं वापरला तरी भांडायचं. फवारणीच्या त्या वाईट वर्षी, जेव्हा आसपासच्या गावांतली माणसं विषबाधा होऊन एकामागून एक यवतमाळच्या दवाखान्यात जात होती, तेव्हा हा धडा त्यांनी इतक्यांदा घेतला की पोरं झोपेतही म्हणतील.

आणि एक धडा कापसाचा. सरांचे वडील पुसदच्या एका जिनिंगमध्ये रखवालदार होते. तिथं गंजीला आग लागली की विझवल्यावर तो कापूस मोकळ्यावर पसरून दिवसचे दिवस राखत बसायचे. वडील सांगायचे, वरून पाणी मारलं तरी कापूस आत ठिणगी लपवून ठेवते, त्याच्यावर भरवसा नाई ठेवाव. त्या धड्याला जोडून बंद दाराचा धडा. दारापलीकडे आग असेल असं वाटलं तर कडी काढण्याआधी दाराला पालथा हात लावायचा. दार गरम असेल तर उघडायचं नाही, दुसऱ्या वाटेनं जायचं. धूर असेल तर रांगत जायचं. बाहेर कडुलिंबाखाली लायनीत बसायचं. गिनती करायची. आणि काहीही राहिलं असलं तरी घ्यायला परत जायचं नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हे ऐकून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. “हे मॉड्युलमध्ये कुठं आहे, पाईकराव? भूकंपाचं करा. भूकंपाचा व्हिडिओ अपलोड करा.”

सरांनी भूकंपाचा व्हिडिओ केला. पोरं सतरंजीवर डोक्यावर दप्तर धरून बसली आणि खदाखदा हसली. तेव्हापासून सरांचे धडे वर्षातून एकदा, फर्मान आलं की, कॅमेऱ्यापुरते होऊ लागले. पोरं हसतात, विसरतात, मोठी होऊन पुण्याला कंपनीत जातात. यातलं कुणाच्या डोक्यात काय राहतं, हे सर स्वतःला विचारायचे आणि उत्तर येण्याआधीच दुसऱ्या कामाला लागायचे.

त्या वर्षी कापसाचा भाव पडला. मागच्या साली तो असा चढला होता की लोकांना झोपा लागत नव्हत्या, त्यामुळे यंदा भाव पुन्हा चढेल या आशेवर कुणी कापूस विकेना. फेब्रुवारी सरला तरी घराघरात छताला भिडलेला कापूस. माणसं कापसावर झोपायची, कापसावर जेवायची आणि रात्रभर अंग खाजवायची. पोरं शाळेत येऊन वाचता वाचता मान खाजवायची. सर त्यांना कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ करा म्हणून सांगायचे. त्याचाही फोटो काढावा लागेल अशी त्यांना धास्ती होती.

फर्मान आलं तसं त्यांनी एका गुरुवारी आगीचं सोंग पार पाडलं. चौथीतली वैष्णवी गिनती करणारी होती. ही शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मारोतराव यांची नात, अंगानं काटकुळी आणि स्वभावानं फौजदार. तिनं प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारत गिनती पूर्ण केली आणि मग विचारलं, “सर, तुमची गिनती कोन करते?”

“माझी कायले? मी गिनती घेनारा ना.”

“अन् तुमीच आत राह्यले तं?”

“राहीन तं राहीन,” सर म्हणाले आणि मोबाइलवर व्हिडिओ चढतो का ते बघू लागले. रेंज नव्हती.

त्या सोंगाचा एकच परिणाम झाला. पोरांना पालथ्या हाताचा खेळ लागला. येता-जाता ती मधल्या दाराला पालथा हात लावायची आणि “थंडं!” म्हणून ओरडायची. देवळात शिरताना घंटा वाजवावी तितक्या नेमानं. सर दोनदा ओरडले, मग सोडून दिलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, सर कुलूप लावत होते, तेवढ्यात गावातून कालवा ऐकू आला. मारोतरावांच्या घरातून धूर निघत होता. उंदरानं वायर कुरतडली होती आणि ठिणगी थेट कापसात पडली होती. सगळा गाव धावला. ट्रॅक्टरवरची टाकी आली, हंडे आले, बादल्या आल्या. अर्धा कापूस जळाला, अर्धा वाचला. घराची भिंत काळी पडली, पण माणसं सुखरूप राहिली. वाचलेला कापूस लोकांनी चादरीत, लुगड्यांत, ताडपत्रीत बांधला. आता तो ठेवायचा कुठं? शाळा दोन पावलांवर. सगळे सरांकडे बघायला लागले.

मारोतराव पुढे आले. धिप्पाड माणूस, नेहमी ताठ चालणारा. आज त्याच्या मिशीला राख लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं की कशानं हे कळायला मार्ग नव्हता.

“सर, ते रिकामी खोली द्या. भाव येईस्तोवर. हात जोडतो तुमाले.”

“मारोतराव, खोलीचं काही नाई हो. पन हा कापूस मोकळ्यात पसरवाव लागन. आतून धुमसते तो.”

“वावरात पसरवला तं रानडुकरं तुडवतीन. अन् चोरी झाली म्हंजे? हात घालून पाहा ना, थंडगार हाये.”

सरांनी एका गाठोड्यात कोपरापर्यंत हात घातला. ओला, गार कापूस. दुसऱ्यात घातला, तोही गार. बाकीच्या गाठोड्यांत घालायला पाहिजे होता. पण वर ऊन तापलं होतं, गुडघा ठणकत होता, आणि समोर वर्षभराचं पीक गमावता गमावता वाचलेला माणूस हात जोडून उभा होता. अशा वेळी किल्ली नाकारायला माणूस दगडाचा पाहिजे. सर दगडाचे नव्हते, नुसते दमलेले होते. त्यांनी किल्ली दिली. लोकांनी खोली खिडकीच्या गजांपर्यंत दाबून भरली, आणि तिचं मागचं, बाहेर उघडणारं दार त्या कापसाआड गेलं. मधल्या भिंतीवर सरांनीच तरुणपणी लाल रंगात काढलेला बाण होता, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. तो आता सरळ कापसात जात होता.

रविवारी घरी सर खाटेवर पडून होते. पंखा फिरत होता. बायको नलू तूर निवडत बसली होती. तिनं दोन-तीनदा त्यांच्याकडे पाहिलं.

“जीव लागून नाई राह्यला तुमचा. शाळेत जाऊन या ना मंग.”

“कायले? गार होता कापूस. मी हात घातला ना.”

“सगळ्यात घातला?”

सर कुशीवर वळले. “रिटायर व्हायले आलो नलू आता. किती दिवस मीच पाहू सगळं?”

नलू पुन्हा तूर निवडायला लागली. सर दिवसभर तसेच पडून राहिले, मन मात्र त्या गाठोड्यांत अडकलेलं. दोनदा उठून चपलाही घातल्या आणि दोनदा काढल्या.

सोमवारी शाळेत शिरताच जळका वास आला. पण जळालेल्या घरातलाच कापूस तो, वास येणारच. बेबीताईंनी नाकाला पदर लावला, “लय घान येते सर,” म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. सरांनी मधल्या दाराची कडी पाहिली, लागलेली होती. मग ते खुर्चीत बसून आज किती मुलं जेवणार ते मोबाइलमध्ये भरू लागले. मोबाइल गोल गोल फिरत होता. पोरं पाढे म्हणत होती.

खडू आणायला उठलेली वैष्णवी सवयीनं दाराशी थांबली. पालथा हात लावला. “थंडं” असं काही ती ओरडली नाही. हात मागे घेतला, पुन्हा लावला.

“सर, दार गरम लागून राह्यलं.”

“ऊन असन,” सर मोबाइलमधून मान न काढता म्हणाले.

“ऊन कुठून येईन, सर? तिकडं तं खोली हाये.”

“बस म्हटलं ना वैष्णवी! काय लावलं सकाळी सकाळी?”

ती बसली नाही. तिनं आणखी एकदा हात लावला, मग वळली, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते सरांनी वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर म्हटलेलं वाक्य होतं, त्यांच्याच चालीत, त्यांच्याच दटावणीनं. “उठा! दप्तर ठेवा! ढकलायचं नाई! लायनीनं बाहेर!”

आणि पोरं उठली. एकानंही ‘सर काय म्हणतात’ म्हणून मागं पाहिलं नाही. पहिलीतली चिमुरडी दुसरीतल्यांचा हात धरून, दप्तरं सतरंजीवर सोडून, दारातून बाहेर. सर खुर्चीत बसून बघत राहिले. त्यांना खरंच राग आला होता. पोरांनी आता त्यांना न विचारता वर्ग सोडायलाही कमी केलं नाही, इथवर पाणी आलं, असं त्यांना वाटलं. ते चरफडत उठले आणि दाराशी गेले.

त्यांनी सरळ हात लावला. पालथा नाही, तळहात. चटका बसला तसा हात उडाला.

आता काय करायचं ते गावात देवरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दार उघडायचं नाही. बाहेर जायचं. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे धडा नव्हता, राख लागलेली मिशी होती. अजून नुसतं धुमसत असेल, दोन गाठोडी ओढून काढली तर बाकीचा कापूस वाचेल, आपणच किल्ली दिली, आपणच हात घातला नाही. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं कडी धरली आणि दार ओढलं.

आत जाळ नव्हता, नुसता काळा धूर आणि मध्ये तांबडं काहीतरी. मग इकडची हवा आत गेली आणि त्या तांबड्यानं एकदम उसळी घेतली. सर मागे फेकले गेल्यासारखे पडले. चष्मा गेला. खोली धुरानं भरली, डोळे उघडेनात, समोरचं दार कोणत्या बाजूला ते कळेना. याच खोलीत त्यांची इतकी वर्षं गेली होती आणि आता तिचं दार त्यांना सापडत नव्हतं. सर घाबरले. आपण इथंच मरणार, आणि मूर्खासारखे मरणार, असं त्यांना स्पष्ट वाटलं.

बाहेर कडुलिंबाखाली गिनती चालू होती. बेबीताईंनी सिलिंडर बंद करून पटांगणात ओढत आणला होता आणि त्या गावाकडे तोंड करून बोंब मारत होत्या. वैष्णवी टपल्या मारत लायनीच्या टोकाला पोहोचली. “पोट्टे सगळे हायेत,” ती म्हणाली. मग तिनं शाळेकडे पाहिलं. “सर कमी हायेत.”

ती दाराकडे धावली नाही. परत जायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. ती लायनीच्या पुढे उभी राहिली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, “सर! रांगत या!”

मग सगळीच पोरं ओरडू लागली. पाढे म्हणावेत तशी, एका सुरात. “सर! रां-गत या! सर! रां-गत या!”

सरांनी ते ऐकलं. खाली फरशीजवळ धूर कमी असतो, हेही त्यांना तेव्हाच आठवलं. ते पोटावर झाले आणि आवाजाच्या दिशेनं सरपटू लागले. सतरंजी, कुणाचं तरी दप्तर, उंबरठा. मग ऊन. बेबीताईंनी दंडाला धरून ओढलं. सर पटांगणात गुडघ्यांवर खोकत राहिले. हाताची कातडी सोलली होती, भुवया जळाल्या होत्या.

वैष्णवी समोर येऊन उभी राहिली. तिनं बाहीनं नाक पुसलं, पण आवाजात फौजदारी होती.

“दार काहून उघडलं, सर?”

सर आपल्या सोललेल्या तळहाताकडे पाहू लागले.

“चला, लायनीत बसा. गिनती राह्यली.”

सर उठले आणि जाऊन पहिलीतल्या पोरांच्या शेवटी मातीत बसले. वैष्णवीनं पहिल्यापासून पुन्हा गिनती सुरू केली. टपली जवळ जवळ येत गेली, तसं सरांना हुंदका आवरेना. त्यांना लाज वाटत होती, हात आगीसारखे जळत होते, आणि तरीही फार फार वर्षांनी त्यांना बरं वाटत होतं. त्यांच्या अर्ध्या पांढऱ्या डोक्यावर टपली पडली.

“सर आले,” ती म्हणाली.

तेवढ्यात गाव आला. सर्वांत पुढे मारोतराव. टाकीचा ट्रॅक्टर मागून धडधडत होता. खोलीच्या खिडकीतून ज्वाला बाहेर आल्या होत्या आणि वाचलेला सगळा कापूस त्यांच्या डोळ्यांदेखत जात होता. ते खिडकीकडे निघालेले, वाटेत त्यांना लायन दिसली. ते थांबले. खिडकीकडे पाहिलं, लायनीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं.

“आबा, आमची गिनती झाली,” वैष्णवी म्हणाली. “सगळे हायेत.”

मारोतरावांनी खिडकीकडे पाठ केली. लायनीच्या शेवटाशी आले, सरांच्या जळालेल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांच्या मागं मातीत बसले, मांडी घालून, पोरासारखे. सरांच्या पाठीला त्या धिप्पाड माणसाचं रडणं कळत होतं.

“आबा, तुमी कायले बसले?” वैष्णवी म्हणाली. “तुमी शाळेत नाई.”

“बसू दे त्यायले,” सर म्हणाले. “तूही दम खा जराशी.”

ती कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मग लायनीच्या पहिल्या पोरापाशी गेली आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजत आली. सरांच्या डोक्यावर टपली मारली, एक पाऊल पुढे झाली आणि आजोबांच्या टोपीवर हात ठेवून पुढचा आकडा म्हणाली.